शिक्षकाचा राग आधी ऐका

शिक्षकांना भावनिक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण द्यावं का, हा विषय हल्ली नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षण परिषदांपासून शहरातल्या खाजगी शाळांच्या स्टाफरूमपर्यंत सगळीकडे निघतो, आणि सगळीकडे त्यावर सारखाच निष्फळ वाद होतो. प्रशिक्षण आखणारे म्हणतात, ताण परिस्थितीत नसतो, तिच्याकडे बघण्यात असतो. दीर्घ श्वास घ्या, कृतज्ञतेची वही ठेवा, हसतमुखाने वर्गात जा. संघटनेतले शिक्षक म्हणतात, आधी ऑनलाइन माहित्या आणि बीएलओची, म्हणजे मतदार यादीची, कामं काढा, मग आमच्या मनाचं बघा. शाळेबाहेरचा माणूस म्हणतो, सातव्या वेतन आयोगाचा पगार आणि मे महिन्याची सुट्टी असणाऱ्यांना कसला आलाय ताण! तिघांचं एकमेकांशी पटत नाही, पण एका बाबतीत तिघं सारखे आहेत. शिक्षकाला नेमकं काय वाटतं आणि ते का वाटतं, हे विचारायची गरज कुणालाच भासत नाही.

माझी भूमिका आधीच सांगते. हे प्रशिक्षण द्यावं. जिल्हा परिषदेच्या, अनुदानित, विनाअनुदानित, आश्रमशाळेच्या अशा सगळ्या शिक्षकांना द्यावं, आणि सुरुवात मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांपासून करावी. पण शिक्षकाला राग आवरायला शिकवायचं आणि तो राग कशाचा होता हे कुठे नोंदवायचंसुद्धा नाही, अशा प्रशिक्षणाला माझा विरोध आहे. त्याने शिक्षक शहाणा होत नाही, गप्प होतो. आणि आतून गप्प झालेला शिक्षक मुलांच्या काय कामाचा?

हा विरोध मी बाहेरून आणलेला नाही, तो या विषयाच्या मूळ मांडणीतच आहे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली आणि १९९७ मध्ये तिची चार अंगं नीट सांगितली. स्वतःची आणि दुसऱ्याची भावना ओळखता येणं, विचार करताना तिचा उपयोग करता येणं, ती कशातून आली आणि पुढे कुठे जाईल हे समजणं, आणि मग ती हाताळता येणं. हाताळणं शेवटी येतं आणि ते आधीच्या तिन्हींच्या आधाराने उभं राहतं. या मांडणीत भावना म्हणजे माहिती. भीती धोक्याची खबर देते, राग अन्यायाची. ती खबर खरी की खोटी हे तपासणं हे बुद्धीचं काम. मधल्या काळात, १९९५ मध्ये, डॅनियल गोलमन यांनी ही कल्पना लोकांपर्यंत नेली, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांनी ती उचलली, आणि आमच्या सभागृहांपर्यंत पोचेतो चारपैकी शेवटचं अंग तेवढं उरलं. मी ज्या सत्रांना बसले त्यांत 'राग आल्यावर तुम्ही काय कराल?' हा प्रश्न हमखास होता. 'गेल्या आठवड्यात तुम्हाला राग कशाचा आला?' हा प्रश्न मी एकदाही ऐकला नाही.

तो विचारला तर काय उत्तरं येतील? सुरगाणा किंवा पेठ या आदिवासी तालुक्यांतली द्विशिक्षकी शाळा घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे एकेका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन-तीन इयत्ता. त्यातला एक मीटिंगला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की दुसऱ्याकडे सगळी शाळा. पहिलीतली मुलं घरी कोकणा किंवा डांगी बोलतात आणि पुस्तक प्रमाण मराठीत बोलतं. दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांना माणसं लागतात, आईबाप निघतात, त्यांच्याबरोबर मुलंही निघतात. मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षक शिक्षण हमी कार्ड भरून देतो आणि निम्म्या वर्गाला शिकवत राहतो. हंगाम संपवून मुलं परततात तेव्हा वाचू लागलेलं मूल पुन्हा जोडाक्षरांवर अडखळतं; सहा महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत पुसली गेलेली असते. त्यातच मोबाइलवर निरोप येतो की अमुक माहिती आज दुपारी दोनपर्यंत भरा, अन्यथा खुलासा सादर करा. पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस प्लसवरची शाळेची माहिती, आधारची पडताळणी, विद्यार्थ्यांचे अपार ओळखक्रमांक, चाचण्यांचे गुण, सगळं ऑनलाइन, आणि रेंज मिळते ती टेकाडावर. या शिक्षकाचा राग समोरच्या मुलावर नसतो. पण तो उतरतो मुलावरच, कारण त्या क्षणी त्याच्यासमोर दुसरं कुणी नसतं.

शहरातल्या खाजगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंचा राग वेगळा आहे. त्यांच्या वर्गात मुलं पन्नासेक, पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट रात्री दहालाही जागा, आणि 'फी भरतो आम्ही' हे वाक्य केव्हा ऐकावं लागेल याचा नेम नाही. नोकरीला हमी नाही, त्यामुळे उलट बोलायची सोय नाही. दारात हसून उभं राहणं हा कामाचाच भाग. सुरगाण्याच्या गुरुजींचा राग हतबलतेतून आलेला आहे, या बाईंचा अपमानातून. दोघांना एकच पीपीटी दाखवून एकच श्वासाचा व्यायाम देणाऱ्याने दोघांपैकी कुणाची भावना ओळखली?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. व्यवस्था सुधारेपर्यंत मुलांनी वाट बघायची का? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. पण 'मठ्ठ', 'बिनडोक', 'तुझ्या घरात कुणी शिकलंय का' असे शब्द वर्गांतून अजून गेलेले नाहीत, हे आम्हा शिक्षकांइतकं कुणाला माहीत आहे? सातवीतल्या मुलीला भर वर्गात बसलेला टोमणा ती चाळिशीतही विसरत नाही. त्या टोमण्याच्या आधी शिक्षकाला क्षणभर थांबता आलं, तर तेवढ्या एका क्षणासाठीही प्रशिक्षण द्यायला हवं. यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही आणि मला तो करायचाही नाही. शिवाय असं प्रशिक्षण नीट दिलं तर उपयोग होतो याला पुरावा आहे. न्यूयॉर्क शहरातल्या ३६ प्राथमिक शाळांमधल्या २२४ शिक्षकांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शिक्षकांना भावना ओळखण्याचं आणि सजगतेचं (माइंडफुलनेसचं) प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना दिलं नाही, आणि कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. प्रशिक्षण मिळालेल्यांना भावना हाताळणं अधिक जमू लागलं, त्यांचा मानसिक त्रास कमी झाला, आणि वर्गात बसून पाहणाऱ्या निरीक्षकांना मुलांशी असलेलं त्यांचं वागणंही अधिक आधाराचं वाटलं. 'हे सगळं थोतांड आहे' म्हणून सत्रातून उठून जाणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

पण मग बाकीचा पुरावाही पाहावा लागेल. ब्रिटनमध्ये ८० हून अधिक शाळांमध्ये शिक्षकांना सजगतेचं प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी ते विद्यार्थ्यांना शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. प्रशिक्षणानंतर लगेच शिक्षकांचा थकवा कमी झालेला दिसला. वर्षभराने पाहिलं तर तो फरक जवळपास उरला नव्हता. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ताण हाताळण्याची सत्रं, सजगतेचे वर्ग, मन शांत ठेवण्याची अ‍ॅप्स यांत भाग घेतलेले कर्मचारी भाग न घेतलेल्यांपेक्षा बरे आहेत असं त्यांना आढळलं नाही. ही एकाच वेळी केलेली पाहणी आहे, त्यामुळे तिच्यावरून अखेरचा निवाडा देता येत नाही, हे मान्य. तरी प्रश्न उरतोच. शिकलेलं टिकत का नाही? रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये याचं एक उत्तर सुचवलं होतं. कामाचा बोजा मोठा आणि ते काम कसं करायचं हे ठरवण्याचा अधिकार लहान, अशा ठिकाणी माणूस सर्वांत जास्त खचतो. नुसता बोजा असेल पण निर्णय स्वतःचा असेल, तर माणूस दमतो पण मोडत नाही. शिक्षक सत्रात शांत व्हायला शिकतो आणि परततो त्याच वर्गात, जिथे काय, कधी, किती आणि कोणत्या अ‍ॅपवर हे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं आहे. शांतता किती आठवडे पुरेल?

इतिहासात हे आधी घडून गेलं आहे. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न इथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची उपकरणं बनवणारा प्रचंड कारखाना होता. कामगारांच्या भावनांचा उत्पादनाशी संबंध असतो, हे तिथल्या प्रसिद्ध प्रयोगांतून पुढे आल्यावर कंपनीने १९३६ मध्ये समुपदेशक नेमले. ते यंत्रांमधून फिरायचे, कामगाराशी बोलायचे, त्याचं मन मोकळं होऊ द्यायचे. ऐकणं मनापासून होतं, गुप्तता पाळली जायची. अट एकच होती. समुपदेशकाने ऐकलेल्या गोष्टीवर काहीही करायचं नाही. फोरमनशी बोलायचं नाही, पगाराचा, वेगाचा, पाळीचा प्रश्न पुढे न्यायचा नाही. कामगाराला बोलून हलकं वाटावं आणि त्याने यंत्राकडे परत जावं, एवढंच. वीस वर्षं चालून १९५६ मध्ये तो उपक्रम बंद पडला. तिथे चांगल्या मनाच्या माणसांनी हजारो तास ऐकलं. त्या ऐकण्याने कारखान्यातली एखादी गोष्ट बदलण्याचा रस्ता मात्र आधीच बंद करून ठेवलेला होता.

दुसरं उदाहरण आमच्या व्यवसायाच्या अधिक जवळचं आहे. १९८३ मध्ये आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडला. प्रवासी कितीही उद्धट वागला तरी हसायचं, आणि ते हसू खरं वाटायला हवं, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलं जाई. रागावलेला प्रवासी म्हणजे घाबरलेलं लहान मूल आहे असं समजा, म्हणजे तुम्हाला राग येणार नाही. युक्ती खोटी नाही, मी ती वर्गात वापरते आणि ती चालते. पण हॉकशिल्ड यांनी एक गोष्ट दाखवून दिली. त्याच काळात विमानं मोठी होत होती, प्रवासी वाढत होते, दोन उड्डाणांमधला वेळ कमी होत होता, आणि एकेका प्रवाशाच्या वाटेला येणारा वेळ आक्रसत होता. प्रशिक्षणात चर्चा व्हायची ती रागावलेल्या प्रवाशाची. वाढवलेल्या वेगाची व्हायची नाही. स्वतःच्या खऱ्या भावनेपासून इतकं दूर राहायची सवय लागली की काही जणींना घरी गेल्यावरही आपल्याला काय वाटतंय ते कळेनासं झालं. शिक्षकाच्या बाबतीत ही किंमत दुप्पट आहे, कारण मुलाच्या चेहऱ्यावरची भीती ओळखण्यासाठी शिक्षकाकडे स्वतःच्या भावनेखेरीज दुसरं साधन नाही. ते साधनच बोथट करून ठेवलं तर कोपऱ्यातलं मुकाट मूल त्याला दिसणार कसं?

इथे कुणीतरी हमखास साने गुरुजींचं नाव काढतं. अमळनेरला वसतिगृहातल्या मुलांची भांडीसुद्धा घासणाऱ्या गुरुजींना कुठलं प्रशिक्षण होतं? प्रेम असलं की सगळं जमतं. कुणी सावित्रीबाईंचं नाव घेतं. अंगावर शेण-दगड झेलत त्या शाळेत गेल्या, तुम्हाला साधा पालकांचा मेसेज सोसत नाही? ही उदाहरणं देणाऱ्यांनी ती पूर्ण द्यावीत. सावित्रीबाई एकट्या लढल्या नाहीत. जोतिराव आणि सहकारी सोबत होते, त्यांनी शिक्षिकेचं रीतसर शिक्षण घेतलेलं होतं, आणि कुणाला शिकवायचं, काय शिकवायचं हे त्यांनी आणि जोतिरावांनी स्वतः ठरवलं होतं. दगड बाहेरून येत होते, खुलासा मागणारं पत्र आतून येत नव्हतं. आणि साने गुरुजी? त्यांनी अस्वस्थ वाटल्यावर स्वतःला शांत करण्याचा मार्ग धरला नाही. १९३० मध्ये त्यांनी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली, त्यापायी आपल्या नाशिकच्या तुरुंगातही ते राहिले. १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून गावोगाव फिरून शेवटी उपोषणाला बसले आणि मंदिर खुलं झालं. त्यांना जे वाटलं त्याने परिस्थिती हलली. गुरुजींचा वारसा सांगायचा तर हाही सांगायला हवा.

महात्मा फुल्यांनी तर हा प्रश्न आपल्याहून नीट मांडला होता. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाबद्दल दोन्ही गोष्टी एका दमात मागितल्या. शिक्षक लोकांत मिसळणारा, त्यांच्या गरजा समजणारा, प्रसंगी नांगर धरायला न लाजणारा असावा, आणि तो प्रशिक्षित असावा. त्याच निवेदनात त्यांनी लिहिलं की शिक्षकाचा पगार दहा रुपयांच्या वर क्वचितच जातो, तो किमान बारा असावा आणि मोठ्या गावांत पंधरा ते वीस. सहृदयतेची अपेक्षा आणि पगाराची मागणी यांत त्यांना विरोध दिसला नाही. माणसाला सन्मानाने उभं करा आणि मग त्याच्याकडून मायेची अपेक्षा ठेवा, हा त्यांचा क्रम होता. आजच्या चर्चेत मायेची अपेक्षा एका बैठकीत होते आणि पगाराची मागणी दुसऱ्या बैठकीत, आणि दोन्ही बैठकांतली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत.

पगाराचा विषय निघालाच आहे तर 'यांना कसला ताण' म्हणणाऱ्यांना उत्तर देऊन टाकते. सातव्या वेतन आयोगाचा पगार सगळ्या शिक्षकांना मिळत नाही. नव्याने लागणारा शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक असतो; २००० साली योजना आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला महिना ३,००० रुपये होते आणि २०२३ पासून ते १६,००० झाले. विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानाची वाट बघत म्हातारे होताहेत. २०२५ च्या पावसाळ्यात आपल्याच शहरात आदिवासी विकास आयुक्तालयासमोर आश्रमशाळांतले रोजंदारी शिक्षक आणि कर्मचारी बिऱ्हाड मांडून बसले, कारण त्यांच्या जागी बाह्यस्रोतातून भरती होणार होती. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे अशा शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. निर्णयाच्या गुणवत्तेबद्दल मतभेद असू शकतात. पण पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या घरात त्या संध्याकाळी काय वातावरण असेल, याची कल्पना करायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

संघटनांचं म्हणणं मला सगळ्यात जवळचं वाटतं, आणि तरीही ते अपुरं आहे. अशैक्षणिक कामांबद्दलची तक्रार खरी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच कामांना जुंपता येतं, आणि या तिन्हींचा अर्थ इतका ताणला गेला आहे की करोनाकाळात शिक्षक तपासणी नाक्यांवर उभे होते आणि घरोघर सर्वेक्षण करत होते. गमतीची नव्हे, विचार करायची गोष्ट अशी की फुल्यांनी त्याच निवेदनात शिक्षकाला गावच्या हिशेबतपासणीचं, दस्तनोंदणीचं, टपालाचं काम द्यावं असंही सुचवलं होतं, कारण त्याने गावात त्याची प्रतिष्ठा वाढेल. म्हणजे शाळेबाहेरचं काम मुळातच वाईट नसतं. मानाने, मोबदल्याने आणि विचारून दिलेलं काम माणसाला मोठं करतं. खुलाशाच्या धाकाने दिलेलं काम त्याला लहान करतं. पण समजा, उद्या ही सगळी कामं गेली. सगळे पोर्टल बंद झाले. मग शिक्षकाच्या मनावरचा भार संपेल?

संपणार नाही, कारण शिकवण्याच्या कामातच तो आहे. चांदवड-निफाडकडच्या एखाद्या शाळेत आठवीतल्या मुलाच्या बापाने कर्जापायी जीव दिलेला असतो आणि तेराव्यानंतर ते मूल वर्गात येऊन बसतं. त्याच्याशी पहिलं वाक्य काय बोलायचं? हजेरी घेताना त्याच्या नावापाशी थांबायचं की नाही? वर्गातली बाकीची मुलं त्याच्याकडे बघत असताना धडा कसा सुरू करायचा? नववीतली मुलगी दोन दिवस आली नाही, मैत्रिणी सांगतात की तिचं लग्न ठरलं. आता बापाशी कोण बोलणार आणि कुठल्या आवाजात? एखादी मुलगी मधल्या सुट्टीत शिक्षिकेजवळ येऊन घरातल्या माणसाबद्दल असं काही सांगते की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं, आणि ती मुलगी म्हणते, बाई कुणाला सांगू नका. गावातल्या शाळेत समुपदेशक नसतो. जे आहे ते शिक्षकच आहे. बीएड-डीएडला हे कुणी शिकवलेलं नसतं, आणि असा प्रसंग निभावल्यावर त्या रात्री शिक्षक स्वतः कसा झोपतो हे तर कुणी विचारतही नाही. सुतार जसा रंधा चालवायला शिकतो तसं हे शिकावं लागतं, कुणाच्या तरी हाताखाली, चुकत, पुन्हा करत. भावनिक बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणाची खरी जागा ही आहे. 'आधी कामं काढा' म्हणताना आम्ही शिक्षक ही जागा मोकळी सोडतो, आणि मग तिथे दोन तासांची प्रेरणादायी व्याख्यानं येऊन बसतात.

मग प्रशिक्षण कसं असावं? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे, म्हणजे वेळेचा प्रश्न कागदावर तरी सुटलेला आहे. त्यातले काही तास या कामाला द्यावेत, शाळेच्या वेळेत द्यावेत, रविवारी किंवा ऑनलाइन मॉड्यूल म्हणून नव्हे. व्हिडिओ संपल्यावर मिळणारं प्रमाणपत्र एवढंच सांगतं की व्हिडिओ संपला. दहा-पंधरा शिक्षकांचा एक गट, वर्षभर तोच, महिन्यातून एकदा भेटणारा. भेटीत व्याख्यान नाही. प्रत्येकाने गेल्या महिन्यातला एक खरा प्रसंग आणायचा, तो कसा हाताळला आणि काय जमलं नाही हे सांगायचं. चालवणारी व्यक्ती अशी हवी की तिच्या हातात त्या गटातल्या कुणाचाही गोपनीय अहवाल, बदली किंवा वेतनवाढ नसेल. केंद्रप्रमुखांसमोर कुणी शिक्षक 'मी त्या दिवशी मुलावर हात उगारला' असं सांगणार नाही, आणि ते सांगितल्याशिवाय तो थांबवायलाही शिकणार नाही. आपल्या नाशिकला याची सोय बाहेरून आणावी लागणार नाही. सेवेतल्या शिक्षकांना बीएडचं शिक्षण देणारं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच आहे, शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जिल्हा संस्था, डाएट, आहे, आणि पंधराही तालुक्यांत असे निवृत्त मुख्याध्यापक आहेत ज्यांच्याकडे तरुण शिक्षक आजही अडचण घेऊन जातात.

अधिकाऱ्यांपासून सुरुवात करा, असं मी वर म्हटलं ते त्यांना खिजवण्यासाठी नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांवरही वरून दुपारी दोनचाच निरोप येतो, त्यांच्या कार्यालयातही पदं रिकामी आहेत, आणि तेही घरी जाऊन चिडतात. पण त्यांची चिडचिड एका वेळी शेकडो शिक्षकांपर्यंत जाते, तिथून हजारो मुलांपर्यंत. शाळाभेटीत मुलांसमोर शिक्षकाला बोलणं हे एका अधिकाऱ्याने थांबवलं, तर दहा सत्रांत होणार नाही तेवढं काम होईल. मुलं ते बघतात. ज्या गुरुजींना काल साहेबांनी वर्गात झापलं, त्या गुरुजींनी आज वर्गात कुणाला झापू नये, ही अपेक्षा मुलांना कोण समजावून देईल?

आणि एक नोंदवही. माझ्या सगळ्या म्हणण्यातली ही सगळ्यात साधी मागणी आहे आणि हिच्यावर सगळ्यात जास्त आक्षेप येतील. प्रत्येक गटाने महिन्याच्या भेटीनंतर, कुणाचंही नाव न लिहिता, एवढंच लिहायचं की या महिन्यात राग, भीती किंवा हताशपणा मुख्यतः कशामुळे आला. तो कागद गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल, आणि पुढच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत त्यांनी त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे काय केलं ते वाचून दाखवायचं. म्हणतील, यातलं निम्मं माझ्या हातात नाही, शिक्षकांची पदं पटसंख्येवरून होणाऱ्या संचमान्यतेत ठरतात, पोर्टल राज्याचं आहे. ठीक आहे, तसं लिहा, आणि कुणाकडे पाठवलं ते लिहा. म्हणतील, लोक याचा तक्रारपेटीसारखा वापर करतील. काही जण करतीलही; पण दहा गटांच्या दहा कागदांवर एकच ओळ आली तर ती कुणा एकाची कुरकुर राहत नाही. आणि बाकीचं निम्मं तर तालुक्याच्याच हातात आहे. एकच माहिती तीन नमुन्यांत न मागणं, निरोप आदल्या दिवशी पाठवणं, एकाच शाळेतल्या दोन्ही शिक्षकांना एकाच दिवशी बाहेर न बोलावणं, शाळाभेटीत जे सुनवायचं ते मुलं घरी गेल्यावर सुनवणं. यासाठी शासननिर्णय लागत नाही आणि निधीही लागत नाही. कुठल्याही एका तालुक्याला हे पुढच्याच महिन्यापासून सुरू करता येईल, आणि वर्षअखेरीला त्या तालुक्यातल्या शिक्षकांना, आणि मुलांनाही, काय फरक पडला ते विचारता येईल.